जुना सॅक्सोफोन घ्यावा की नवा? मराठवाड्यातल्या वादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, आणि त्याच्या आधीच्या महिना-दीड महिन्यात वाद्यांची खरेदी-विक्री. लातूर, नांदेड, परभणी, बीड, जालना इकडचे बँडवाले, ऑर्केस्ट्रातले वादक आणि हल्ली घरी शिकणारी पोरंपोरी मला जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. मी सॅक्स वाजवतो, शिकवतो, आणि पॅड (छिद्रं झाकणाऱ्या चामड्याच्या छोट्या गाद्या) बदलण्यापासून वाकलेल्या चाव्या सरळ करण्यापर्यंतची दुरुस्ती करतो. सॅक्स महाग वाद्य आहे. दोन-चार सॅक्स शेजारी ठेवून वाजवून बघता येतील असं दुकान आपल्याकडे जवळ नाही, आणि खरेदी चुकली तर घराचं वर्षभराचं गणित बिघडतं. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

जुना म्हणजे नेमका किती जुना?

अडोल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने पॅरिसमध्ये १८४६ साली या वाद्याचं पेटंट घेतलं. त्या काळातले सॅक्स संग्रहालयातच बघायचे. वादक ‘व्हिंटेज’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात साधारण १९२० पासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचं वाद्य असतं. अमेरिकेतले कॉन, ब्युशर आणि मार्टिन (तिघेही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावचे), क्लीव्हलंडचा किंग, पॅरिसचा सेल्मर, जर्मनीचा काइलवर्थ ही त्यातली मोठी नावं.

सीमारेषा तिथेच का, तर सेल्मरने आपलं मार्क सिक्स हे मॉडेल १९७४ च्या सुमारास थांबवलं आणि त्याच काळात जपानी वाद्यांनी जगाची बाजारपेठ घेतली. यामाहाचा पहिला सॅक्स १९६७ चा. आज तैवानमध्ये, विशेषतः तैचुंगजवळच्या होउली भागात, आणि चीनमध्ये जे सॅक्स बनतात त्यांची ठेवण बहुतेक सेल्मर-यामाहाच्याच वळणाची असते. वीस वर्षं वापरलेल्या यामाहाला ‘व्हिंटेज’ म्हणून कुणी जास्त भाव सांगत असेल तर तो देऊ नका. ते चांगलं वाद्य असेल, पण त्याची किंमत सेकंडहँडचीच.

जुन्याचा आवाज खरंच वेगळा असतो का, की नुसता बोलबाला?

खरंच वेगळा असतो. डोळे मिटून ऐकलं तरी बहुतेकांना फरक कळतो. १९३० च्या दशकातला कॉनचा ६एम अल्टो (मध्यम आकाराचा सॅक्स) किंवा १०एम टेनर (त्याहून मोठा, खालच्या सुराचा) वाजवला की आवाज रुंद आणि भरीव येतो, खोली भरून पसरतो. खालचे स्वर गडद, मधले स्वर माणसाच्या गळ्याजवळ जाणारे. ब्युशर त्याहून मऊ. मार्टिनमध्ये थोडा खरखरीत, मातीचा रंग आहे, आणि मला तो मनापासून आवडतो. किंगचा सुपर २० मात्र जुना असूनही धारदार. जॅझमधला नावाजलेला अमेरिकन वादक चार्ली पार्कर तो वाजवायचा.

नव्या सॅक्सचा आवाज गोळाबंद असतो. फुंकलं की लगेच उत्तर मिळतं. खालच्या बी फ्लॅटपासून वरच्या एफ शार्पपर्यंत सगळे स्वर एका जातीचे लागतात, सूर पक्का राहतो. जुन्या वाद्यात प्रत्येक स्वराला थोडा स्वतःचा स्वभाव असतो. काही स्वर ओठाने सांभाळून घ्यावे लागतात.

याची कारणं बांधणीत आहेत. सॅक्सची नळी शंकूच्या आकाराची आहे, आणि तो शंकू किती वेगाने रुंदावतो, नेक (वरची वाकडी नळी) आत किती मोकळा आहे, यावर आवाजातल्या वरच्या कंपनांचं प्रमाण ठरतं. १९२०-३० च्या दशकांत सॅक्सचं काम नृत्यसभागृहातल्या वाद्यवृंदात शेजारच्या तीन-चार सॅक्समध्ये मिसळून जाण्याचं होतं. तेव्हाच्या कारखान्यांनी मिसळणारा, गोल आवाज बांधला. पुढे माइक आले, इलेक्ट्रिक गिटार आले, एकट्या वादकाला सगळ्यांच्या वर उठून ऐकू जायची गरज पडली. मग नळीचं माप, नेक, पॅडवरचे रेझोनेटर (पॅडच्या मधोमध बसवलेल्या चकत्या), माउथपीस (नेकवर बसणारं फुंकायचं तोंड) हे सगळंच त्या दिशेने सरकलं. १९२० च्या दशकातल्या कित्येक पॅडांवर मोठे धातूचे रेझोनेटर नव्हतेच. साधं चामडं आणि मधोमध छोटा रिवेट. चामडं वरचे कंप शोषून घेतं, तेवढ्यानेही आवाज मऊ होतो. जुन्या कॉनमध्ये मोठे धातूचे रेझोनेटर बसवले की त्याचा निम्मा जुनेपणा गेला, असा माझा अनुभव आहे. दुरुस्ती करणाऱ्याला हे आधीच सांगा.

पितळ जसं जुनं होतं तसा आवाज मुरतो म्हणतात. खरं आहे का?

हे मला पटत नाही. सतारीत किंवा व्हायोलिनमध्ये लाकूड स्वतः कंप पावून आवाज देतं. सॅक्समध्ये आवाज देते ती आतली हवा. पितळाची भिंत तिला आकार देते. जॉन कोल्टमन या अमेरिकन संशोधकाने १९७१ मध्ये चांदीची, तांब्याची आणि लाकडाची, पण आतून सारख्याच मापाची बासरी घेऊन प्रयोग केला. ऐकणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांनाही त्या ओळखता आल्या नाहीत. सॅक्सचा दाखला हवा असेल तर १९५३ मध्ये टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्करने ग्राफ्टन कंपनीचा प्लास्टिकचा अल्टो वाजवला होता. ते ध्वनिमुद्रण ऐका. पार्कर पार्करच वाटतो.

यानागिसावाचे ब्राँझचे सॅक्स हातात घेतल्यावर वेगळे वाटतात हे मीही नाकारत नाही. वजन बदलतं, बोटांखालचा कंप बदलतो आणि त्याने वादक वेगळा वाजवतो. पण निव्वळ धातूच्या रंगासाठी चाळीस-पन्नास हजार जास्त घालू नका. तेच पैसे माउथपीसवर घालाल तर फरक दहा पट ऐकू येईल.

लॅकर (पितळावरचा चमकदार लेप) उडालेला सॅक्स स्वस्त मिळतोय. घ्यावा का?

बिनधास्त घ्या, बाकी सगळं ठीक असेल तर. मूळ लॅकर घासून गेल्याने आवाजाचं काही बिघडत नाही. उलट चकाचक नवं लॅकर चढवलेल्या जुन्या वाद्याला भ्यायला हवं. लॅकर चढवण्याआधी मशीनवर घासून पॉलिश करतात. त्यात छिद्रांच्या कडा झिजतात, कोरीव नक्षी पुसट होते, पॅड नीट बसत नाहीत. नक्षीच्या रेषा बोथट दिसल्या की समजा वाद्य घासलं गेलंय.

बांधणीत नेमका काय फरक असतो? बघून ओळखता येईल का?

येईल. सॅक्स उलटापालटा करून चार ठिकाणी बघा.

आधी भोंग्याच्या (सॅक्सच्या रुंद तोंडाच्या) चाव्या, म्हणजे सर्वांत खालच्या बी आणि बी फ्लॅटच्या मोठ्या वाट्या. १९२० च्या दशकातल्या कॉन आणि ब्युशरवर एक वाटी भोंग्याच्या डाव्या बाजूला आणि एक उजव्या बाजूला असते. नंतरच्या ६एम आणि १०एमवर दोन्ही डावीकडे गेल्या. सेल्मरने १९३६ च्या सुमारास बॅलन्स्ड अॅक्शन मॉडेलमध्ये त्या उजवीकडे नेल्या, त्यामुळे दांडे लहान आणि सरळ झाले आणि करंगळीला जोर कमी लागू लागला. जगाने हीच पद्धत उचलली. आज तुम्ही चिनी सॅक्स घेतला तरी वाट्या उजवीकडेच असतात.

मग छिद्रांच्या कडा. कॉनने अनेक वर्षं छिद्राची कड बाहेरच्या बाजूला गोल वळवली. बोट फिरवलं की धार लागत नाही, गोलाई लागते. अशा कडेवर पॅड कमी कापला जातो, पण कड सपाट नसेल तर ती सपाट करणं फार कठीण. साधी कड हलक्या हाताने कानशीने सपाट करता येते. गोल कडेवर कानस लावली की वाद्य वाया गेलं. मार्टिनने छिद्राची रिंग वेगळी बनवून नळीवर डाखली, बाकी बहुतेकांनी नळीतूनच ओढून काढली. डाखलेल्या रिंगा जुन्या झाल्या की डाख सुटून बारीक गळती होऊ शकते, आणि ती शोधणं डोकेदुखीचं काम आहे.

तिसरं, चाव्यांचे दांडे धरून ठेवणारे छोटे खांब. काहींमध्ये खांब आधी पट्टीवर आणि मग पट्टी नळीवर डाखलेली असते, काहींमध्ये थेट नळीवर. पट्टीवाली बांधणी मिरवणुकीच्या धक्क्यांना जास्त टिकते. नव्या सॅक्समध्ये बहुधा पट्ट्याच असतात.

शेवटी वरचा एफ शार्प. जुन्या वाद्यांवर ती चावी बहुतेक नसतेच, एफवर संपतं. शिकणाऱ्याला याची चिंता नको. आपल्या गाण्यांत तो स्वर क्वचितच लागतो, आणि लागलाच तर वेगळ्या बोटांनी काढता येतो.

जुना कॉन वाजवायलोय, पण डाव्या हाताची करंगळी पोहोचत नाही. माझा हात लहान का वाद्य खराब?

दोन्ही नाही. जुन्या सॅक्सवर जी शार्प, सी शार्प, बी आणि बी फ्लॅट या चाव्या एकाखाली एक, ताठ आणि जड असतात. नव्यावर त्या एकमेकींवर डोलतात, करंगळी सरकवायला छोटी चाकं असतात. सेल्मरने १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुपर बॅलन्स्ड अॅक्शनमध्ये वरच्या आणि खालच्या हाताची छिद्रं एका रेषेत न ठेवता थोडी वळवली, तेव्हापासून मनगटाला आराम मिळाला. ज्याला जुनं आणि नवं दोन्ही वाजवायचंय त्याने सवय करावी. महिना-दोन महिन्यांत करंगळी वळते. दहा-बारा वर्षांच्या पोराला मात्र जुना देऊ नका.

आजोबांचा सॅक्स घरात आहे. दुरुस्त करून आणला, पण पेटीशी काही केल्या जुळत नाही. का?

बहुधा तो ‘हाय पिच’ असावा. जुनी वाद्यं घेताना आपल्याकडे सर्वांत मोठं नुकसान याच कारणाने होतं, आणि बघायची आठवण कुणालाच नसते.

आज जगभर ए हा स्वर ४४० हर्ट्झला जुळवतात. पण १९२० च्या दशकापर्यंत अमेरिकेत साधारण ४५७ हर्ट्झवर जुळणारी वाद्यंही बनत, आणि ब्रिटिश लष्करी बँडांचा जुना पिच ४५२ च्या आसपास होता. ४५७ म्हणजे आजच्या सुरापेक्षा अर्धस्वराच्या जवळपास दोन तृतीयांश चढा. पेटीवर काळी दोन दाबली की सॅक्स काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्येच कुठेतरी लटकतो.

माउथपीस बाहेर ओढून तो उतरवता येत नाही. एखादा स्वर उतरेल, पण छिद्रांमधली अंतरंच लहान नळीच्या हिशोबाने पाडलेली असतात, त्यामुळे बाकीचे स्वर वेडेवाकडे होतात. इलाज नाही. म्हणून विकत घेण्याआधी अनुक्रमांकाजवळ बघा: ‘एच’ किंवा ‘एचपी’ अशी इंग्रजी अक्षरं असतील तर परत फिरा, ‘एल’ किंवा ‘एलपी’ असेल तर पुढे बोला. काहीच नसेल तर मोबाइलवर ट्यूनर (सूर मोजणारं अॅप) उघडून विकणाऱ्याकडून खालून वरपर्यंत सगळे स्वर वाजवून घ्या. आजोबांच्या सॅक्सला घरात मानाने ठेवा, कार्यक्रमाला नेऊ नका.

अल्टो, टेनर आणि सी मेलडी, पेटीच्या पट्टीत कोण कुठे बसतो?

अल्टोवर सी चं बोट लावलं की पेटीवरची काळी दोन वाजते. टेनरवर तेच बोट लावलं की काळी पाच. गायक पांढरी एकमध्ये गात असेल तर अल्टोवर सा हा ए पासून आणि टेनरवर डी पासून धरायचा. सी मेलडीवर जे बोट तोच स्वर, म्हणजे सी म्हणजे पांढरी एक. म्हणून पेटीवाल्यांना तो सोपा वाटतो.

सी मेलडी १९२० च्या दशकात अमेरिकेत घरोघरी विकला गेला आणि १९३० च्या आसपास बंद झाला, त्यामुळे आज स्वस्तात मिळतो. काही जण तो ‘छोटा टेनर’ म्हणून विकतात, सावध राहा. त्याचा योग्य माउथपीस सहज मिळत नाही. एकट्याने भजनाला, घरगुती मैफलीला वाजवायचा असेल तर आवाज गोड आहे. बँडमध्ये चालणार नाही.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत दुपारी सॅक्स चढतो, सकाळी तर बरोबर होता. जुन्यामुळे असं होतं का?

नाही, नव्याचंही होतं. हवा तापली की तिच्यातून ध्वनी वेगाने जातो: २० अंशाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४० अंशाला सुमारे ३५५. नुसत्या हवेचा हिशोब केला तर हा फरक अर्ध्या अर्धस्वराहून थोडा जास्तच भरतो. फुंकरीने नळीतली हवा आधीच कोमट झालेली असते, म्हणून प्रत्यक्षात कमी जाणवतो, पण कीबोर्ड जागचा हलत नसल्यामुळे बेसूर लगेच कळतं. माउथपीस चार-पाच मिलिमीटर बाहेर घ्या, दर तासाला तपासा. दोन गाण्यांच्या मध्ये सॅक्स उन्हात ठेवू नका, निदान पंच्याने झाका. नेकवरचा बूच झिजून माउथपीस ढिला झाला असेल तर बाहेर ओढल्यावर तो डुगडुगतो. लग्नसराईआधी बूच बदलून घ्या.

जुन्या सॅक्सला नवा माउथपीस लावला आणि वरचे स्वर चढायला लागले. काय करावं?

माउथपीसबद्दल विचारल्याशिवाय कुणी जुना सॅक्स घेऊच नये असं मला वाटतं, कारण या दोघांचं जुळलं नाही तर पाच लाखांचं वाद्यही रडतं.

कारण असं. सॅक्सचा शंकू टोकापर्यंत नेला तर तो सुईसारखा निमुळता होईल. ते टोक आपण कापतो आणि तिथे माउथपीस बसवतो. कापलेल्या टोकात जेवढी हवा मावली असती, तेवढीच जागा माउथपीसच्या पोटात असावी लागते. जुळलं तर खालचा आणि वरचा सप्तक एकमेकांशी बरोबर राहतात. १९२०-३० चे सॅक्स ज्या माउथपीसबरोबर बांधले गेले त्यांचं पोट मोठं आणि गोल होतं. आजचे माउथपीस, खासकरून मिरवणुकीसाठी आवडीने घेतले जाणारे धातूचे, आतून अरुंद असतात आणि छताला उंचवटा असतो. तसा जुन्या कॉन-ब्युशरला लावला की वरचा सप्तक चढतो आणि खालचा बी, बी फ्लॅट गुरगुरतो.

तपासणी सोपी आहे. मोबाइलवर ट्यूनर लावा. मधला जी आणि त्याच बोटांनी ऑक्टेव्ह चावी (सप्तक वर नेणारी) दाबून वरचा जी, दोन्ही लांब धरून वाजवा. वरचा फार चढत असेल आणि तो ओठाने सारखा खाली ओढावा लागत असेल, तर माउथपीसचं पोट लहान आहे. मोठ्या पोटाचा रबरी माउथपीस मिळवा. त्यातही टोकाची फट मोठी असलेले आधुनिक बनावटीचे मिळतात, त्यामुळे आवाजाचा जोर कमी होत नाही. जुन्या वाद्याचा खरा रंग हवा असेल तर मोठ्या पोटाचाच माउथपीस लागतो. धातूच्या अरुंद माउथपीसने जुना सॅक्सही नव्यासारखाच वाजतो आणि वर बेसूर होतो. मग जुन्याला जास्त पैसे दिले कशाला?

खालचे स्वर गुरगुरत असतील तर आधी गळती बघा. गळती नसेल, तर तळाच्या वळणात एक छोटा बूच टाकून बघण्याची जुन्या वादकांची युक्ती आहे. बरेचदा उपयोग होतो.

मार्क सिक्स एवढा महाग का? खरंच तेवढा चांगला आहे का?

सेल्मरने १९५४ मध्ये मार्क सिक्स आणला. जुन्याचा रंग आणि नव्याची बोटांची सोय हे दोन्ही एका वाद्यात नीट बसलेलं पहिल्यांदा तिथे दिसलं, आणि पुढच्या वीस वर्षांत जॅझमधल्या कितीतरी मोठ्या वादकांनी तो उचलला. नावाला वलय आलं. आज पाच आकडी अनुक्रमांकाच्या, म्हणजे साधारण १९६२ च्या आधीच्या वाद्यांना वेगळा भाव सांगतात. आकड्यावरून आवाज ठरत नाही. त्या वीस वर्षांत सेल्मरने नळीच्या मापांत बारीक बदल केले, आणि हाताने काम होत असल्यामुळे दोन वाद्यं सारखी नसतात. मी वाजवलेल्यांत एक अप्रतिम होता, एक अगदी सामान्य.

चांगला मार्क सिक्स कित्येक लाखांत जातो. मराठवाड्यात बँडवर जगणाऱ्या वादकाने त्यात पैसे अडकवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच वळणाचा आवाज हवा असेल तर सेल्मरचा रेफरन्स ५४, यामाहाचा ८२झेड किंवा तैवानचा एखादा चांगला सॅक्स बघा. नाव कोरलेल्या नकलाही बाजारात फिरतात. भाव फारच कमी सांगत असतील तर ती नक्कलच.

नुकतंच शिकायलोय. कोणता घेऊ?

नवा, किंवा कमी वापरलेला यामाहा. वायएएस-२८० किंवा जुना वायएएस-२३. नवा लाखाच्या पुढे जातो, पण विकताना पैसे बऱ्यापैकी परत येतात. वीस-तीस हजारांच्या चिनी सॅक्समध्ये काही बरे निघतात, काहींच्या चाव्या मऊ पितळाच्या असतात, वर्षभरात वाकतात. अनुभवी वादकाला सोबत नेल्याशिवाय तो घेऊ नका.

मिरवणुकीला कोणता बरा?

नवा. पट्टीवर खांब असलेला, खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यासह. चार-चार तास टेनर मानेवर लटकवून मानेची वाट लागते.

रागदारी, भजन, अभंग वाजवायचे असतील तर?

इथे मी जुन्याच्या बाजूने आहे. आपल्या गाण्यात स्वर ताठ लागून चालत नाही, त्याला वाकवावं लागतं, आणि जुना सॅक्स ओठाने जास्त वाकतो. नव्यामध्ये स्वर आपल्या खाचेत घट्ट बसलेला असतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी तो गुण आहे, पण मींडेला तो आडवा येतो. मोठ्या पोटाचा माउथपीस, थोडी मऊ रीड (माउथपीसवरची कंप पावणारी पातळ पट्टी) आणि चांगल्या स्थितीतला ब्युशर किंवा कॉन: संध्याकाळचा यमन असा वाजवून बघा, मग पुन्हा बोलू.

अर्थात वाद्यापेक्षा वादक मोठा. मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) मैसूरच्या राजवाड्याच्या बँडमधला सॅक्स ऐकून या वाद्याकडे वळले, वाद्यात हवे ते बदल करून घेतले आणि कर्नाटक संगीतातली गमकं त्यावर उभी केली. हिंदी सिनेमात मनोहारी सिंग (१९३१–२०१०) यांनी सॅक्सला जो रेशमी सूर दिला तो आजही आपल्या प्रत्येक ऑर्केस्ट्रात मागितला जातो. या दोघांना ऐका, मग दुकानात जा.

जुना सॅक्स बघायला जाताना काय काय तपासू?

एलईडीची बारीक माळ सोबत न्या, गणपतीत लावतो तीच, बॅटरीवर चालणारी. खोलीत अंधार करा, माळ नळीत सोडा, चाव्या हलक्या हाताने एकेक दाबा. पॅडच्या कडेने उजेड दिसला तिथे गळती आहे. पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी पॅडखाली ठेवून चावी मिटा आणि ओढा. सगळ्या बाजूंनी सारखी अडकली पाहिजे.

मग चाव्या आडव्या हलवून बघा. दांडा खांबांमध्ये डावी-उजवीकडे खडखडत असेल तर झीज झाली आहे, ती भरून काढायला महाग पडते. नेक बाजूने बघा: माउथपीस जोराने दाबून बसवणाऱ्यांनी तो खाली वाकवलेला असतो. नळीवरून नजर सरळ टाका, वाकलेली नळी लगेच कळते. पॅड फाटलेले, बूच वाळलेला, स्प्रिंगा गंजलेल्या असतील तर घाबरू नका, ते बदलता येतं. नळी वाकलेली, छिद्रं घासलेली, नेक दुसऱ्याच वाद्याचा असेल तर सोडून द्या. जुन्या सॅक्सचा अर्धा सूर त्याच्या मूळ नेकमध्ये असतो.

संपूर्ण पॅड बदलायचे तर अल्टोला पंचवीसच्या आसपास लागतात. तो खर्च आधीच किमतीत धरा. आपल्याकडून बहुतेकांना त्यासाठी पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं. येण्या-जाण्याचं आणि वाद्य तिकडे अडकून राहिल्याने बुडणाऱ्या सुपाऱ्यांचंही गणित करा.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जुन्याची जास्त काळजी घ्यावी लागते का?

दोन्हींची सारखीच. पॅड वाटीत लाखेने किंवा तशाच गरम चिकटवणीने बसवलेले असतात. मे महिन्यात बंद गाडीत सॅक्स ठेवला की लाख मऊ होते, पॅड जागचे सरकतात आणि संध्याकाळी वाजवायला घेतलं की खालचे स्वर निघतच नाहीत. कोरड्या हवेत चामडं आणि बूच आकसतात. पावसाळ्यात स्प्रिंगांना गंज चढतो. वाजवून झालं की आतून कापड ओढा, वाट्या उघड्या ठेवून अर्धा तास वाळू द्या, मगच सॅक्सच्या खोक्यात ठेवा. सांध्यांना शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकाने एकेक थेंब. खोबरेल नको, ते घट्ट होऊन बसतं.

पितांबरीने चमकवला तर चालेल का?

तांब्या-पितळेच्या भांड्यांना चालेल, सॅक्सला अजिबात नाही. पावडर चाव्यांच्या सांध्यात जाते आणि लॅकर ओरबाडते. मऊ सुती कापड पुरे.

रीड उन्हाळ्यात वाकड्या होतात. इलाज?

वेताची रीड कोरड्या हवेत पटकन वाळते आणि टोकाला लाटा येतात. तीन-चार रीड आलटून पालटून वापरा, वाजवण्याआधी ओल्या करा, सपाट काचेवर ठेवा. मिरवणुकीसाठी सिंथेटिक रीड घ्या. एकदा महाग वाटते, पण उन्हाने वाकत नाही. जुन्या सॅक्सवर घरी वाजवताना मात्र मी वेताचीच लावतो.

मामांकडे एक सॅक्स पडून आहे, नाव ओळखीचं नाही. भंगारात द्यावा का?

अजिबात नको, आधी नीट बघा. मोठे कारखाने दुसऱ्यांच्या नावानेही सॅक्स बनवत. ‘पॅन अमेरिकन’ नावाचे कॉनने बनवले, ‘कूफ’ नावाचे काइलवर्थने. ‘बंडी’ हा अमेरिकेतल्या सेल्मरचा शिकाऊ वर्गासाठीचा. त्या कंपनीने १९६३ मध्ये ब्युशर विकत घेतली होती. ‘वेल्टक्लांग’ पूर्व जर्मनीचा, ‘अमाती’ चेकोस्लोव्हाकियातला, दोन्ही दणकट आणि दुरुस्तीच्या लायकीचे. मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्यं बनतात. तिथलं वाद्य असेल तर आवाजावरून ठरवा.

फोटो काढताना भोंग्यावरची नक्षी, मागचा अनुक्रमांक आणि त्याच्या आजूबाजूची अक्षरं, डाव्या करंगळीच्या चाव्या आणि भोंग्याच्या वाट्या कोणत्या बाजूला आहेत, एवढं स्पष्ट दिसू द्या. छिद्राची कड जवळून घ्या. त्यावरून कारखाना आणि साधारण दशक बहुतेक वेळा सांगता येतं. तोवर तो साफ करायला कुणालाही देऊ नका.